पटाची जोडी, नांगराची जोडी आणि एक आळशी उपमा

गेल्या हिवाळ्यात चंद्रपूरला मराठी कादंबरीवरचे एक चर्चासत्र झाले. आम्ही श्रोत्यांत होतो. बीजभाषण करणाऱ्या विद्वानांनी सुरुवातीलाच एक उपमा सभेपुढे ठेवली. साठ-सत्तरच्या दशकांतली मराठी कादंबरी म्हणजे जुनी फियाट. प्रामाणिक, काटकसरी, धापा टाकत का होईना पण पोचणारी. आजची कादंबरी म्हणजे स्पोर्ट्स कार. नुसता पाय ठेवला की वाचक खुर्चीला चिकटतो. सभागृहात हशा पिकला, टाळ्या पडल्या, आणि पुढचे दोन दिवस प्रत्येक वक्त्याने ही उपमा आपापल्या परीने चालवली. कुणी फियाटची बाजू घेतली, कुणी स्पोर्ट्स कारची. समारोपापर्यंत मूळ कादंबऱ्या बाजूला पडल्या होत्या आणि दोन मोटारींचा खटला तेवढा उरला होता.

उपमा चुकली म्हणून एवढा लेख लिहायचे कारण नव्हते. समीक्षेत उपमा चुकतच असतात. पण ही उपमा आता वर्गात शिरली आहे. 'वेगवान', 'वाचकाला खेचून नेणारी', 'आजच्या गतीशी नाते सांगणारी' हे शब्द परीक्षणांत गुण म्हणून आणि 'संथ', 'पाल्हाळिक', 'कालबाह्य' हे दोष म्हणून इतक्या सहजपणे येतात, की हे शब्द मोजमापाचे आहेत आणि मोजमापाला कसली तरी पट्टी लागते, हेच आपण विसरलो आहोत. त्या पट्टीविषयी आम्हाला भांडायचे आहे. आणि हे भांडण चंद्रपूर-गडचिरोलीतूनच करायचे आहे, कारण ह्या उपमेचा फोलपणा जितका इथल्या रस्त्यांवर उघडा पडतो तितका पुण्या-मुंबईत पडणार नाही.

प्रथम उपमेचे पोट फाडून पाहू. 'जुनी स्वस्त गाडी विरुद्ध नवी शर्यतीची गाडी' ही एक तुलना आहे असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ह्या एका वाक्यात तीन तुलना एकमेकींच्या पदराआड लपल्या आहेत. एक जुन्या-नव्याची. दुसरी स्वस्त-महागाची. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची, कामाची गाडी आणि खेळाची गाडी ह्यांची. ह्या तिन्हींचा परस्परांशी काही आवश्यक संबंध नाही. जुन्या शर्यतीच्या गाड्याही असतात आणि नव्या स्वस्त गाड्याही असतात. २००९ मध्ये बाजारात आलेली नॅनो नवी होती आणि स्वस्तही होती. २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पण एकदा का 'जुनी', 'स्वस्त' आणि 'कामाची' हे तीन शब्द एका टोपलीत आणि 'नवी', 'महाग' आणि 'खेळाची' हे दुसऱ्या टोपलीत टाकले, की न बोलता एक निष्कर्ष हाती येतो: जे नवे ते वेगवान, जे वेगवान ते मौल्यवान. हा निष्कर्ष कुणी सिद्ध केलेला नसतो. तो टोपल्या भरतानाच आत गेलेला असतो.

आता उपमेला तिच्या शब्दांत पकडू. मोटारींचीच तुलना करू. आपल्याकडची फियाट म्हणजे वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी. पुढे सत्तरच्या दशकात तिलाच 'पद्मिनी' हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे इंजिन आणि सुमारे चाळीस अश्वशक्ती. तिच्या शेजारी लॅम्बोर्गिनीची हुराकान उभी करू, जी २०१४ ते २०२४ ह्या काळात बनत होती: दहा सिलिंडर, ५.२ लिटर, सहाशेहून अधिक अश्वशक्ती, शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला तीन-सव्वातीन सेकंद, कमाल वेग ताशी सव्वातीनशेच्या घरात. म्हणजे इंजिन जवळपास पाचपट आणि ताकद पंधरापट. आकड्यांवर खटला इथेच संपला.

पण गाडी आकड्यांवर चालत नाही, रस्त्यावर चालते. भारतात द्रुतगती महामार्गावरही मोटारीला ताशी १२० किलोमीटर हीच मर्यादा आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तिथेही ती सव्वातीनशेची ताकद दोन-तृतीयांशाच्या जवळपास निकामी असते. तिथून नागपूर मागे टाकून आपण दक्षिणेला वळलो, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली करत भामरागडच्या दिशेने निघालो, तर प्रश्नाचे स्वरूपच बदलते. अशा गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम पाच इंच उंच. आलापल्लीच्या पुढच्या रस्त्याने पावसाळ्यात जे रूप घेतलेले आम्ही पाहिले आहे, त्यात तिची पंधरापट ताकद पहिल्याच खड्ड्यात जागच्या जागी बसली असती. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा पूल पाण्याखाली जातो आणि मग कुठलीच मोटार, जुनी किंवा नवी, पलीकडे जात नाही. त्या दिवशी डोंगा वेगवान ठरतो.

फियाट तरी तिथे टिकली असती का? बहुधा नाही. ह्या जंगलात ज्या गाडीने खरोखर राज्य केले ती ह्या दोन टोपल्यांपैकी एकीतही बसत नाही. ताडोब्याला गेलेल्या प्रत्येकाने ती पाहिली आहे: मारुतीची जिप्सी. १९८५ च्या अखेरीस ती आली, २०१८-१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. आठ इंचांहून अधिक उंची, हलके अंग, चारही चाकांना जोर. शोरूममधून ती गेली तरी ताडोब्याच्या दारांवर तिची ओळ लागतच राहिली. ताडोब्यात वेगाला किंमत नाही; उलट तिथे वेग हा गुन्हा आहे. तिथे चांगली गाडी म्हणजे जी हळू चालते, आवाज न करता थांबते, आणि जिच्यातून चारी बाजूंनी दिसते. आमच्या विद्वानांची पट्टी लावली तर जिप्सी 'संथ' ठरेल. आणि वाघ पाहायचा असेल तर तीच पट्टी फेकून द्यावी लागेल.

हे कळायला मोटारीचे शास्त्र लागत नाही. ह्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ते ठाऊक आहे, कारण त्याच्याकडे ही तुलना पिढ्यान् पिढ्या गोठ्यात बांधलेली आहे. झाडीपट्टीत शंकरपट भरतो. हलक्या छकडीला जुंपलेली बैलजोडी काही सेकंदांत पट पार करते. घड्याळावर सेकंदाचे अंश मोजले जातात. धुरकऱ्याचे नाव पंचक्रोशीत होते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ह्या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला. ह्या शर्यतींच्या बऱ्यावाईटाची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. पटाची जोडी ही इथली स्पोर्ट्स कार आहे, एवढेच इथे पुरे. तिचा खुराक वेगळा, तिची मालिश वेगळी, तिची किंमत वेगळी. आणि त्याच गोठ्यात पलीकडे नांगराची जोडी उभी असते.

चर्चासत्रानंतर काही दिवसांनी एका पटावर आम्ही शेजारी बसलेल्या एका वयस्क शेतकऱ्याला, काहीशा खोडसाळपणाने, विचारले, "काका, ह्यातली चांगली जोडी कोणती? ही पटाची की घरची नांगराची?" त्यांनी आमच्याकडे जरा दयेने पाहिले आणि म्हणाले, "पटाची जोडी नांगराले जुपता येत नाई सर, अन् नांगराची पटावर सोडता येत नाई. कोनती चांगली म्हून इचारनंच चुकीचं हाये. कायच्यासाठी पायजे, ते सांगा आधी."

कायच्यासाठी पायजे, ते सांगा आधी. दोन दिवसांच्या चर्चासत्रात कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

इथे आमच्याविषयी एक गैरसमज होण्याचा संभव आहे. आम्ही स्पोर्ट्स कारच्या विरुद्ध बोलतो आहोत म्हणजे फियाटचे भाट आहोत, असे वाचकांना वाटेल. तसे नाही. फियाटभक्तांचे पाप कारभक्तांपेक्षा कमी नाही, फक्त ते गोड आवाजात केले जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली तेव्हा केवढे हळवे लेखन झाले! त्या लेखनात गाडीसाठी वर्षानुवर्षे रांगेत थांबणारा ग्राहक नव्हता. परवाना-राज्यात दुसरे काही मिळतच नव्हते म्हणून तिचे गुणगान करावे लागले, हे नव्हते. तिच्या धुराचा, तिच्या जड सुकाणूचा, सुरक्षेच्या नावाने तिच्यात जे नव्हते त्या सगळ्याचा उल्लेख नव्हता. आणि ती 'सामान्य माणसाची गाडी' होती हे तर साफ खोटे. साठ-सत्तरच्या दशकांत सामान्य माणूस एस.टी.ने जात होता किंवा चालत होता. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी, खरोखर स्वस्त मोटार घडवण्यासाठी आयुष्य वेचले. ती कारखान्यातून विक्रीला कधी आलीच नाही. काटकसरीच्या गाडीवर गहिवरणाऱ्या आमच्या लेखकांना त्या माणसाचे नाव सहसा ठाऊक नसते. म्हणजे ह्या गहिवराचा काटकसरीशी संबंध नाही. तो स्वतःच्या बालपणाशी आहे.

साहित्यातही हेच घडते. 'पूर्वीची कादंबरी कशी भरीव असायची' असे म्हणणारा प्राध्यापक बहुतेकदा त्याच्या विद्यार्थिदशेतल्या वाचनाविषयी बोलत असतो. वेगाची पूजा आणि आठवणींची पूजा ह्या दोन्हींत पुस्तक वाचायचे राहून जाते. दोन्हींत पुस्तकाचा जन्मसन पाहून निकाल दिला जातो; फक्त एकाचा निकाल दुसऱ्याच्या उलट असतो.

आता पुस्तकांकडेच येऊ. उपमेच्या दोन टोपल्यांत ती बसतात का? विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची. टोपलीच्या नियमाप्रमाणे ती जुनी, म्हणून संथ असायला हवी. ती हातात घेऊन पाहा. एका बोटीवरच्या थोड्या दिवसांत तिने जे उरकले आहे ते इतक्या कमी पानांत आहे, की आजच्या 'वेगवान' कादंबरीकारांनी तिच्यापुढे वेगाची भाषा करू नये. उलट भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' २०१० ची, म्हणजे ह्या शतकातली. ती जाणूनबुजून फाटे फोडत, थांबत, मागे वळत जाते. आणि 'कोसला' १९६३ ची. योगायोगाने त्याच १९६३ साली इटलीत फेरुच्चो लॅम्बोर्गिनी नावाच्या गृहस्थाने मोटारींची कंपनी काढली. सनावरून न्याय करायचा तर 'कोसला' आणि लॅम्बोर्गिनी ही जुळी भावंडे ठरतात. अशा न्यायाने काय कळते? काहीच कळत नाही.

ह्या लॅम्बोर्गिनीविषयी आणखी एक गोष्ट आमच्या उपमाप्रेमी मित्रांनी ध्यानात घ्यावी. हे गृहस्थ मूळचे ट्रॅक्टर बनवणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी शेतीची यंत्रे बनवायला सुरुवात केली, त्यावर पैसा मिळवला आणि मग शर्यतीच्या मोटारीच्या नादाला लागले. त्यांच्या बिल्ल्यावरचा बैलही त्यांच्या राशीचा. म्हणजे जगातल्या सर्वांत आकर्षक स्पोर्ट्स कारच्या मुळाशी नांगरट आहे. 'कामाची' आणि 'खेळाची' ह्यांत आपण जी जात पाडतो ती खुद्द तिच्या जन्मदात्याने पाळली नव्हती.

आणि ट्रॅक्टर म्हटले की विदर्भातल्या मराठी वाचकाला कोणता ट्रॅक्टर आठवतो? महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तला, वाड्यापुढे गंजत उभा असलेला. १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ह्या नाटकात तो यंत्राचा सांगाडा जे सांगतो, ते आमच्या चर्चासत्रातल्या सर्व भाषणांपेक्षा अधिक अचूक आहे. ते यंत्र वाईट नव्हते. ज्या अंगणात ते आले त्या अंगणाला ते पेलले नाही. घरातली माणसे, त्यांची शेतीविषयीची वृत्ती, त्यांच्या प्रतिष्ठेच्या कल्पना, कर्ज, ह्यांपैकी काहीही न बदलता नव्या यंत्राची शक्ती तेवढी दारात आणून उभी केली, तर तिचा गंज होतो. मराठीतल्या कित्येक 'वेगवान' कादंबऱ्यांविषयी आम्हाला हेच म्हणायचे आहे. तंत्र आयात झाले आहे: तुकड्यातुकड्यांचे निवेदन, छोटी प्रकरणे, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक धक्का. ज्या जगण्यासाठी ते वापरायचे, त्या जगण्याची मशागत मात्र झालेली नाही.

ह्याउलट एक उदाहरण आमच्या दाराशी आहे आणि समीक्षेने त्याची फारशी दखल घेतलेली नाही: झाडीपट्टी रंगभूमी. दिवाळीपासून होळीपर्यंत, वडसा म्हणजे देसाईगंजला केंद्र करून, ह्या मुलखात रोज रात्री गावोगाव नाटके होतात. शंकरपट आणि मंडईच्या निमित्ताने होतात. २०२३ मध्ये ह्या रंगभूमीच्या परशुराम खुणे ह्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा काही शहरी वृत्तपत्रांना तिचा पत्ता लागला. ही नाटके रात्रभर चालतात. आमच्या विद्वानांच्या भाषेत 'संथ', 'पाल्हाळिक', गाण्यांनी फुगवलेली. पण ती रात्रभर का चालतात? पाच-दहा कोसांवरून बैलगाडीने आलेला प्रेक्षक मध्यरात्री जंगलातून परत कसा जाणार? वाटेत अंधार, जनावरांचे भय. नाटक दोन तासांत संपले असते तर त्याने उरलेली रात्र उघड्यावर कुडकुडत काढली असती. नाटकाला पहाटेपर्यंत जावेच लागत होते. ह्या नाटकाची लांबी रस्त्याने ठरवली आहे. त्याचे विनोदी प्रवेश, लावण्या, मधली गाणी ही रात्र जागवण्याची रीत आहे. तिला 'पाल्हाळ' म्हणणाऱ्याने नाटक पाहिले असेल. रस्ता पाहिलेला नाही.

आज तोच प्रेक्षक मोटारसायकलने येतो, हे खरे आहे. मग आता ह्या नाटकाने किती लांब असावे? हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे, आणि तो झाडीपट्टीतले लेखक व निर्माते स्वतःशी विचारत आहेत. ह्या प्रश्नावर त्यांच्याशी वाद घालता येईल, काही नाटके नुसत्या सवयीने लांबवलेली आहेत असे दाखवूनही देता येईल. पण तो वाद घालण्यासाठी आधी लांबीचे कारण समजले पाहिजे. मुंबईच्या दोन अंकी नाटकाची पट्टी घेऊन वडशाला येणारा माणूस वाद घालू शकत नाही; तो फक्त नापास करू शकतो.

आणि नापास करणे इथे अक्षरशः घडते. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीने, जी एटापल्ली तालुक्यातून शिकायला आली, पदव्युत्तर प्रकल्पासाठी झाडीपट्टीच्या नाटकांचा विषय निवडला. कोणत्या महाविद्यालयात, हे सांगण्याची गरज नाही. कुठेही घडले असते. मार्गदर्शकांनी तिला समजावले की विषय 'कालबाह्य' आहे, आजच्या 'गतिमान' साहित्याशी त्याचा संबंध नाही, पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्याचा उपयोग नाही. तिने विषय बदलला. एका गाजत असलेल्या शहरी कादंबरीवर तिने जे लिहिले ते आम्ही वाचले. ते वाईट नव्हते. पण ज्या नाटकांच्या मांडवात ती लहानाची मोठी झाली, ज्यांतली गाणी तिला पाठ होती, ज्यांची भाषा तिच्या आईची भाषा होती, त्यांविषयी ती जे लिहू शकली असती ते दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नव्हते. ते आता लिहिले जाणार नाही. उपमा विनोदी वाटते खरी. तिची किंमत अशी कुणीतरी मोजते.

त्याच मुलखावर विलास मनोहरांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी आहे. १९७३ पासून हेमलकशाला चालू असलेल्या कामाच्या सहवासातून, माडिया माणसांमध्ये राहून ती लिहिली गेली. त्या काळात पावसाळ्याचे महिने हा सगळा टापू जगापासून तुटलेला असे. वेगाच्या पट्टीने ह्या कादंबरीविषयी काय सांगता येईल? ती फियाट की स्पोर्ट्स कार? प्रश्नच हास्यास्पद होतो. रस्ता नसलेल्या ठिकाणी जगणाऱ्या माणसांपर्यंत मराठी वाचकाला ती घेऊन जाते की नाही, आणि नेताना त्या माणसांना न्याय देते की त्यांचे प्रदर्शन मांडते, हा प्रश्न आहे. ह्या प्रश्नावर त्या कादंबरीची कठोर तपासणी होऊ शकते, व्हायलाही हवी.

इथे आमच्या प्रतिपक्षाचा एक रास्त आक्षेप येईल. 'ज्याचा त्याचा रस्ता वेगळा म्हटले की मग तुलनाच बंद झाली. प्रत्येक रद्दी पुस्तकाचा लेखक म्हणेल, माझा रस्ता निराळा.' हा आक्षेप आम्ही मान्य करतो, आणि म्हणूनच आमचे म्हणणे नेमके मांडतो. तुलना बंद करा असे आम्ही म्हणत नाही. तुलना एकाच कामासाठी आणि एकाच वाटेवर करा, आणि मग निर्दयपणे करा. दोन नांगराच्या जोड्यांत एक चांगली आणि एक रडकी असतेच. शेतकरी त्यांतली कोणती घ्यायची हे दात पाहून ठरवतो, तिथे तो कुणाची गय करत नाही. स्वस्त गाडी स्वस्त आहे म्हणून चांगली ठरत नाही. आलापल्लीच्या पुढे जी दर पावसाळ्यात बंद पडते ती स्वस्त असली तरी वाईटच. तसे गावाविषयी आहे म्हणून पुस्तक चांगले ठरत नाही, जंगलाविषयी आहे म्हणून तर मुळीच नाही. ह्या भागाविषयीची कितीतरी भाबडी, आदिवासींना निरागसतेचे पुतळे करून टाकणारी पुस्तके आम्ही ह्याच कसोटीवर नाकारतो. कसोट्या साध्या आहेत. हे लेखन जिथे जायचे म्हणते तिथे पोचते का? कुणाला बरोबर घेते, कुणाला मागे ठेवते? वाटेत अडचण आली, म्हणजे अनुभव गुंतागुंतीचा झाला, तर ते पुढे जाते की कडेला उभे राहते? आणि त्याने घेतलेल्या वेगाची वा संथपणाची त्या प्रवासाला गरज होती का? ह्या चार प्रश्नांत जुन्या-नव्याला जागा नाही, आणि तरीही ह्यांच्या उत्तरांतून चांगले-वाईट स्पष्ट वेगळे होते.

शेवटचा मुद्दा थोडा साहित्याबाहेरचा आहे, पण तो टाळला तर हा लेख अप्रामाणिक होईल. वेगाची भाषा ज्या शहरांतून येते त्यांचा वेग कशावर चालतो? चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्या विजेवर राज्यातली कितीतरी शहरे उजळतात आणि धूर चंद्रपूरकर घेतात. भोवतालच्या खाणींचा कोळसा, राजुरा-गडचांदूर भागातले सिमेंट, आलापल्लीचे सागवान, सुरजागडचे लोहखनिज: गुळगुळीत महामार्गाला आणि त्यावरून धावणाऱ्या मोटारीला लागणारे जवळजवळ सगळे ह्या दोन जिल्ह्यांच्या पोटातून निघते. खनिजाने भरलेले ट्रक ज्या रस्त्यांवरून गेले त्या रस्त्यांची चाळण झाल्याची ओरड आलापल्ली-आष्टीच्या लोकांनी वर्षानुवर्षे केली. एकाचा वेग दुसऱ्याच्या खड्ड्यांतून तयार होतो. मग त्याच दुसऱ्याला व्यासपीठावरून सांगायचे की तुझे साहित्य संथ आहे, ह्याला काय म्हणावे?

१ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीतल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गाचे आणि त्यावरच्या एस.टी. बससेवेचे उद्घाटन झाले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्या भागात लाल बस पोचली. ती बस कुणी स्पोर्ट्स कारशी ताडून पाहिली नाही. त्या दिवशी तसे करणारा माणूस वेडा ठरला असता. तिचा कमाल वेग किती हे कुणी विचारले नाही. उद्या ती पुन्हा येईल का, पावसाळ्यात येईल का, शाळेच्या वेळेला येईल का, आजारी माणसाला दवाखान्यापर्यंत वेळेत नेईल का, हे प्रश्न मात्र आहेत, आणि बस चांगली की वाईट हे ह्यांच्याच उत्तरांवर ठरेल.

आमच्या शिक्षक-मित्रांना विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी वर्गात एखाद्या पुस्तकाला 'वेगवान' म्हणून शाबासकी द्यायचा किंवा 'संथ' म्हणून हिणवायचा मोह होईल तेव्हा क्षणभर थांबावे, आणि पटावरच्या त्या काकांचा प्रश्न स्वतःला विचारावा. विद्यार्थ्यांनी तर तो आम्हा शिक्षकांनाच विचारावा. एटापल्लीहून आलेल्या त्या मुलीने तो तेव्हा विचारला असता, तर मार्गदर्शकांकडे उत्तर नव्हते. आमच्यापैकीही कुणाकडे ते तयार नव्हते. असते तर तिच्या बाजूने आम्ही त्याच वेळी बोललो असतो, आज लेख लिहीत बसलो नसतो.